घोंगडीचा विटाळ

मानसिंग पलटणीतून हवालदार म्हणून सुटला आणि सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात कामाला लागला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण तिथं त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांचा तो हवालदारच. अणुबाँब पडलाच तर काय करायचं, याचं शिक्षण त्याला पलटणीत मिळालं होतं. बाँब काही पडला नाही, देवाची कृपा. पण हातात मीटर धरून न दिसणारी किरणं हुडकायची विद्या अंगात राहिली. गावाकडं उसाचं रान होतं, ते थोरला भाऊ बघत होता. सरीच्या तोंडाशी खोरं घेऊन उभं राहण्यात मानसिंगाचा जीव रमेना, म्हणून तो दवाखान्याच्या तळघरात आला आणि तिथलाच झाला.

या तळघरात गळ्याच्या गाठीचा कॅन्सर झालेल्या माणसांना किरणोत्सारी आयोडीन पाजतात. औषध पाजलं की माणूस काही दिवस एका खोलीत एकटा. ते आयोडीन त्याच्या घामातून, थुंकीतून, लघवीतून बाहेर पडत राहतं, आणि माणूस हात लावेल तिथं लागतं. दाराची कडी, नळाची चावी, उशी, चप्पल. डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. रोगी घरी गेला की मानसिंग आत शिरायचा. एकेका वस्तूवरून मीटर फिरवायचा, कागदाच्या गोल तुकड्यानं जागा पुसायचा आणि तो तुकडा मोजायचा. सरकारनं ठरवलेल्या आकड्याच्या खाली आलं तर ठीक, नाहीतर धुवायचं आणि पुन्हा मोजायचं. धुऊनही ऐकत नसेल ती वस्तू शेवटच्या जाड दाराच्या खोलीत टाकायची. तिथं ती आपोआप थंड होते. आयोडीनचं आयुष्यच थोडं. हे काम तो नेकीनं करी, जरा जास्तच नेकीनं.

अडचण होती ती सांगण्याची. रोगी यायचे आटपाडीचे, जतचे, माण-खटावचे, इकडं कोयनानगरचेही. त्यांना डॉक्टर म्हणत, ‘पृष्ठभाग दूषित होतो, संपर्क टाळा.’ माणसं मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा आत-बाहेर करत. एकदा मानसिंग वैतागला आणि बोलून गेला, “आवं, इटाळ हाय असं समजा! शिवायचं न्हाई, ताट येगळं, हातरूण येगळं, आंघोळ करून लांब बसायचं.”

झालं! म्हाताऱ्या बायकांचे चेहरे एकदम उजळले. सगळं कळलं. त्या दिवसापासून ना डबा आत-बाहेर झाला, ना कुणी खोलीत डोकावलं. तिथल्या किरणांच्या सुरक्षेचं सगळं बघणाऱ्या उत्कर्षा मॅडम मात्र तो शब्द ऐकून चपापल्या. वयानं मानसिंगाच्या मुलीएवढ्या, परदेशात शिकून आलेल्या.

“काका, दुसरा शब्द नाही का हो? या शब्दानं माणसांना पाणवठ्यावरून हाकललंय. बायकांना घराबाहेर बसवलंय.”

“हाय की दुसरा, मॅडम. पर त्यो कुणाला कळत न्हाई.”

शब्द चालू राहिला. शब्द वाईट होता हे मानसिंगालाही ठाऊक होतं, पण कामाचा होता. आपल्याकडं अशा वेळी कामाचंच पारडं जड होतं.

त्याच मॅडमनी एकदा जेवताना त्याला सांगितलं, की हे आकडे सगळ्या देशांत सारखे नसतात. कुणी तळहाताएवढ्या जागेवर मोजतं, कुणी नखाएवढ्या. कुणाच्या कायद्यात पुसून निघतं त्याचा आकडा वेगळा आणि चिकटून बसलं त्याचा वेगळा. कुणी प्रत्येक पदार्थाला निराळी मर्यादा लावतं, कुणी दोन-चार गट पाडून मोकळं होतं. काही देश तर कायद्यात आकडाच घालत नाहीत. मालकानं आपल्या जाणकाराला विचारावं आणि ठरवावं म्हणतात. मानसिंगाचा घास हातातच राहिला.

“म्हंजी योकच टेबल एका देशात चोख आन् दुसऱ्यात खराब?”

“होऊ शकतं तसं. पण सगळ्याच मर्यादा खूप सांभाळून ठेवलेल्या असतात काका. खाली असलं की पुरे. शून्य कुणीच मागत नाही.”

मानसिंगाला हे पटलं नाही. पलटणीत बूट चमकतो तो काश्मिरात चमकतो आणि आसामातही चमकतो. त्यानं मनाशी आपला एक नियम बांधला. माझ्या हातून बाहेर जाणारी वस्तू जगात कुठंही नेली तरी चोखच निघाली पाहिजे. मीटर रिकाम्या भिंतीकडं धरल्यावर जेवढं बोलतं, तेवढंच त्या वस्तूवर बोललं पाहिजे. मॅडम हसल्या. जास्त काळजी घेतल्यानं कुणाचं वाईट होत नाही, असं त्यांनाही वाटलं असणार.

थंडीच्या दिवसांत माडग्याळच्या पलीकडच्या एका वस्तीवरून धुळा नावाचा म्हातारा आला. धनगर. जन्म मेंढरांमागं गेलेला. आता मेंढरं थोडी आणि मुलाचं डाळिंबाचं रान. गळ्याची गाठ वर्षानुवर्षं मफलरीखाली दडवली, आणि दाखवली तेव्हा ती हाडांत उतरली होती. शस्त्रक्रिया झाली, आता हे पिण्याचं औषध. बरोबर बायको धोंडुबाई आणि मुलगा तानाजी. मानसिंगानं दारात उभं राहून आपलं नेहमीचं सांगितलं. धोंडुबाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती.

“समजलं की हवालदार. आमास्नी काय इटाळ नवा हाय व्हय?”

“आन् हे बघा, परत न्यायची वस्तू आत न्यायची न्हाई. आत गेलं ते हितलं झालं.”

“व्हय, व्हय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगानं कॅमेऱ्यात बघितलं तर म्हातारा काळीभोर घोंगडी पांघरून पलंगावर खुशाल बसलेला. मानसिंगाचं डोकंच फिरलं. त्यानं भिंतीवरच्या फोनवरून झापायला सुरुवात केली. धुळा शांतपणे म्हणाला, “आवं, लोकर हाय ही,” आणि जणू एवढ्यानं सगळं संपलं, अशा समजुतीनं त्यानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. बाहेर बाकावर बसलेल्या धोंडुबाईला विचारलं, तर तीच उलट चकित झाली.

“लोकरीला इटाळ धरतो व्हय कवा? देवाचं करताना बी घोंगडी चालतीया. बिरोबाला तिच्यावर बसिवतो आमी. तुमीच म्हनला न्हवं इटाळ हाय म्हून? मग म्याच दिली. गारठा लय हाय आत.”

शब्द मानसिंगाचाच होता, आणि बाई त्या शब्दाचे कायदे त्याच्यापेक्षा चांगले जाणत होती. त्याला हसू आलं. दुपारी कँटीनमध्ये त्यानं हा किस्सा सगळ्यांना सांगितला आणि सगळे पोट धरून हसले.

धुळाला घरी सोडायचा दिवस आला. त्याच्या अंगातलं प्रमाण घरी जाण्याइतकं उतरलं होतं. मानसिंगानं घोंगडीवर कागदाचा तुकडा घासला आणि मोजला. तुकड्यावर जवळजवळ काहीच आलं नाही. काचेपलीकडून धोंडुबाई बघत होती. ती म्हणाली, “बघा! म्या काय म्हनलं?” मग त्यानं घोंगडीवर मीटर धरलं, आणि मीटर असं कडाडलं की बाई दोन पावलं मागं सरली. घाम लोकरीत मुरला होता आणि लोकर तो सोडत नव्हती.

“वरनं निघत न्हाई मावशी, आत मुरलाय. ही हितंच ऱ्हाऊ द्या. हिचा इटाळ फिटला की मी सोता घेऊन येतो. शबूद हाय माझा.”

घोंगडी धुळाच्या लग्नातली, त्याच्याच बापाच्या मेंढरांच्या लोकरीची. म्हाताऱ्यानं तिच्याकडं एकदा बघितलं, पण वाद घातला नाही. मानसिंगानं तानाजीला पुन्हा बजावलं: आबा पंधरा-वीस दिवस वेगळे झोपतील, मग काही नाही. तुझी बायको सोनम पोटुशी आहे ना, तिनं तर सावलीलासुद्धा उभं राहायचं नाही. ही सावलीची गोष्ट काही कुठल्या नियमात नव्हती; मानसिंगानं ती भर पदरची घातली. लोकांनी ऐकावं म्हणून माणूस जरा चढवून बोलतो.

पुढं वस्तीवर काय झालं ते मानसिंगाला फार उशिरा कळलं, पण ते इथंच सांगून टाकतो. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. धुळाला मेंढरांच्या वाड्याशेजारच्या छपरात झोपवलं. पंधरा-वीस दिवस झाले. तानाजी म्हणाला, आता आबाला घरात घेऊ. धोंडुबाईनं विचार केला. ती अडाणी असली तरी विचार करणारी बाई. ज्या लोकरीला कधी विटाळ धरत नाही, तिला जर अजून धरलेला आहे, तर हाडामासाच्या माणसातून तो कसा जाईल? घोंगडीचा फिटला नाही, तर घोंगडी पांघरणाऱ्याचा कसा फिटेल? घरात पोटुशी सून होती, पहिलटकरीण. धोंडुबाईनं ठरवलं, हवालदार घोंगडी घेऊन येईल त्या दिवशी म्हाताऱ्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं. तोवर ताट छपराच्या तोंडाशी ठेवायचं आणि मागं सरायचं.

धुळाला हे मान्य होतं, हे फार वाईट. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तोही रोज रस्त्याकडं बघत बसे. पुन्हा तपासायला बोलावलं, तेव्हा तो गेला नाही. एस्टीत चार माणसं शिवणार, विटाळलेल्या माणसानं तिथं कसं बसायचं? कागद घेऊन तानाजी एकटाच गेला आणि दुखण्याच्या गोळ्या घेऊन आला. डॉक्टरांना हे विचारायचं त्याला सुचलं नाही. त्याच्या लेखी त्या खात्याचा माणूस हवालदार होता. सोनमला मुलगी झाली. धुळानं नात पाहिली ती अंगणाच्या पलीकडून, सुनेनं दोन्ही हातांनी उंच धरली तेवढी.

पाडव्याच्या सुमारास तानाजीनं मानसिंगाला फोन केला.

“काका, इटाळ फिटला का?”

मानसिंग नुकताच शेवटच्या खोलीतून मोजून आला होता. घोंगडीवर मीटर अजून थोडंसं कुरकुरत होतं.

“अजून वाइच हाय रं. फिटला की मीच येतो. घाई करू नगा.”

“बरं. आबा लय वाट बघत्यात.”

“बघणारच की. किती दिसांची सोबत!”

फोन ठेवून मानसिंग हसला. म्हाताऱ्याचा घोंगडीवर काय जीव, असं त्याच्या मनात आलं.

पुढच्याच आठवड्यात उत्कर्षा मॅडमनी घोंगडी मोजली. “काका, झाली की ही. आपल्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. पाठवून द्या.”

“आपल्या झाली, मॅडम. पर समद्या देशांच्या झाली का?”

“जतला न्यायची आहे ना? का जर्मनीला?”

“म्हाताऱ्याच्या अंगावर जायाची हाय. त्यात घरात बाळंतीण आसंल. ऱ्हाऊ द्या थोडी. मीटर गप हुईस्तवर ऱ्हाऊ द्या.”

मॅडमना दुसरी कामं होती. त्यांनी जास्त ताणलं नाही. घोंगडी राहिली. चैत्रातल्या जत्रा झाल्या. तानाजीचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाज खोल गेलेला. “काका, फिटला का?” मानसिंगानं पुन्हा तेच सांगितलं, “थोडं कळ काढा.” एका तरी फोनवर त्यानं विचारायचं होतं, आबा कसे हायत, कुठं झोपत्यात, जेवत्यात का. त्यानं घोंगडीचंच विचारलं जातंय असं धरलं. कायद्याला थोडा विटाळ चालतो, त्याचा आकडा ठरलेला असतो. पण विटाळाला थोडा विटाळ ठाऊकच नसतो, तो असतो किंवा नसतो. मानसिंगानं एका जगातला शब्द उचलून दुसऱ्या जगात कामाला लावला होता, आणि तो शब्द तिकडं आपली जुनीच कामं करत होता.

वैशाखात एका सकाळी मीटर गप्प बसलं. रिकाम्या भिंतीवर जेवढं, तेवढंच घोंगडीवर. मानसिंगाला इतका आनंद झाला, की त्यानं मॅडमना बोलावून दाखवलं. जगातल्या कुठल्याही देशानं या घोंगडीवर बोट ठेवून दाखवावं! त्यानं तिला दोन उन्हं दिली, झटकली, स्वच्छ चादरीत बांधली आणि सुट्टी काढून मिरजेवरून जतची एस्टी धरली. कवठेमहांकाळच्या पुढं रान उघडं पडत गेलं. मांडीवर गाठोडं घेऊन बसलेल्या मानसिंगाला माहेरवाशिणीला पोचवायला निघाल्यासारखं वाटत होतं. म्हातारा काय म्हणेल, धोंडुबाई कशी ठसक्यात बोलेल, लोकरीवरून तिला कसं चिडवायचं, हेच त्याच्या मनात चाललं होतं.

वस्तीवर पोचला तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात कुत्रं भुंकलं नाही. तानाजी बाहेर आला, त्याचं डोकं भादरलेलं. मानसिंगाचे पाय जागच्या जागी थांबले.

“आबा?”

“गेलं, काका. दहावा अजून हुयाचा हाय.”

मानसिंगानं गाठोडं छातीशी धरलं. धोंडुबाई ओसरीला टेकून बसली होती. तिनं त्याला ओळखलं आणि बस म्हणून खुणावलं. सुतक होतं, चहापाण्याचा प्रश्न नव्हता. सोनम लेकराला घेऊन आतल्या अंधारात बसून होती. तानाजीनं समोरचं छप्पर दाखवलं.

“तितंच हुते आबा. तुमच्याकडनं आल्यापास्नं.”

“तितं? का?” मानसिंगानं विचारलं.

तानाजीनं सगळं सांगितलं. घोंगडी परत येईपर्यंत कुणी शिवलं नाही, ताट लांबून दिलं, नात लांबून दाखवली. “दोनदा तुमास्नी फोन बी केला की. तुमी म्हनला, अजून हाय.”

मानसिंग हवालदारानं कधी मान खाली घातलेली कुणी पाहिली नसेल. ती आता खाली गेली. सीमेवर त्यानं माणसं मरताना बघितली होती, पण तिथं त्याचा हात नव्हता. इथं त्यानं एका म्हाताऱ्याला चार महिने माणसांतून उठवलं होतं, आणि तेही गोळी न झाडता, चांगुलपणानं. त्याला रडू फुटलं. त्यानं ते आवरलं नाही.

धोंडुबाई रडत नव्हती. तिचं रडून झालं असावं. ती सांगू लागली, कुणी विचारलं नव्हतं तरी.

“शेवटाला बोलनं बंद झालं हुतं. निस्ता हात पुढं करायचं. हात दे, हात दे, असं. म्या छपराच्या तोंडाशी बसले हुते. लय वाटलं जाऊन धरावा. पर घरात लेकरू दूध पितंय, माज्या हातनं त्येला लागंल. मग म्या काठी दिली. मेंढरामागची त्येंचीच. योक टोक त्येंच्या हातात, योक माज्या. तसंच धरून गेलं बगा. हाताची पकड सुटली तवा कळलं.”

वाड्यात एक कोकरू ओरडलं आणि गप्प झालं. मग धोंडुबाईची नजर गाठोड्यावर गेली.

“फिटला व्हय इटाळ?”

“फिटला, मावशी.”

“कवा?”

मानसिंगानं वर बघितलं. ‘आज’ म्हणाला असता तर चाललं असतं. या वस्तीवर मीटर नव्हतं. एक शब्द बोलायचा, की ही बाई उरलेलं आयुष्य निवांत काढील. त्याच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण तानाजी त्याच्याकडं बघत होता, आणि आत अंधारात ते लेकरू. उद्या त्यांच्यातलं कुणी पुन्हा त्या तळघरात आलं तर?

“घोंगडीचा पाडव्यानंतर लगीच फिटला हुता. मीच ठिवून घेतली, उगंच. पर आबांचा...” त्यानं गाठोडं खाली ठेवलं. “आबांचा कवाच फिटला हुता, मावशी. शिवरात्रीच्या बी आधी. मानूस येगळं आन् घोंगडी येगळी. हे मी तुमास्नी फोडून सांगाया पायजे हुतं. म्या सांगितलं न्हाई.”

धोंडुबाईनं त्या छपराकडं बघितलं. मग तिनं आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला.

“म्हंजी त्येनी हात मागितला तवा इटाळ न्हवता?”

“न्हवता.”

“मग म्या काठी का दिली, वं हवालदार?”

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि ती उत्तराची वाट बघत त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.